उघडी ठेवायची चौकट

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते. नोकरीची सगळी वर्षं यवतमाळच्या सरकारी ऑफिसात काढली. तिथल्या माणसांपुढे भुतं काय टिकणार! तरीही मागच्या मे महिन्यातला तो रविवार काही केल्या विसरता येत नाही...

माझे मिस्टर बाभुळगावला शाळेत ड्रॉइंग शिकवतात. नागपूरला बहिणीच्या फ्लॅटमध्ये मी एक चित्र पाहिलं होतं — पांढऱ्या कॅनव्हासवर काळ्या रेघेचा चौकोन, एका बाजूला थोडा उघडा सोडलेला, आणि त्या फटीतून बाहेर पडणारी एक बारीक सोनेरी रेघ. बस्स, एवढंच. मला फारच आवडलं. मोबाइलवर फोटो दाखवून यांच्या मागे लागले, आपल्या हॉलला अस्संच हवं.

"यात चित्र कुठं हाय वो?" हे म्हणाले. "पोट्ट्यानं असं आणलं तर मी त्याले आधी चौकट पुरी करायले लावीन."

"मास्तरकी शाळेत ठेवा," मी म्हटलं.

त्या रविवारी दुपारी हे हॉलमध्ये रंगवत बसले आणि मी आतल्या खोलीत कूलर लावून आडवी झाले. जाग आली ती गुदमरून. लाइट गेली असेल म्हणून दार उघडायला उठले... तर दारच नाही! खिडकी नाही, कूलर नाही. चारही बाजूंनी पांढरी भिंत. उजेड मात्र होता, कुठून ते कळेना. मला दमा आहे आणि पंप राहिला होता बाहेर फ्रिजवर. भिंतीवरून हात फिरवत गेले, एकही कड हाताला लागली नाही.

"अहो! दार कुठे आहे?"

"समोरच हाय ना! कडी काढ!" आवाज यांचाच, पण चारही भिंतींतून सारखाच येणारा. "मी धक्के मारून राह्यलो, हलूनच नाही राह्यलं!"

मी खाली बसले. श्वास आत जाईना. वाटलं, संपलं, नवरा भिंतीपलीकडे उभा असून मी इथेच मरणार. रडायलाही दम नव्हता. मग त्यांचा आवाजही थांबला... तेव्हा मी खरी घाबरले.

आणि एकदम समोर दार — सताड उघडं. दारात हे, एका हातात पंप, दुसऱ्या हातात काळं झालेलं फडकं.

चित्रात फट त्यांनी बरोबर सोडली होती. पण शेवटचा हात फिरवताना, वर्षानुवर्षं पोरांच्या चौकटी पुऱ्या करणाऱ्या त्या हातानं ती बुजवून टाकली. धक्के मारून थकले, वळले, तेव्हा दिसलं — सोनेरी रेघ काळ्या रेघेवर अडलेली. "काय वाटलं काय मालूम," हे म्हणाले, "ओला रंग पुसला, अन् मागं दार वाजलं."

डॉक्टर म्हणाले, दम लागला की भास होतात. मग यांना दार का उघडेना? कडी तर मी लावलीच नव्हती. सुताराला दारात काहीच खोट सापडली नाही.

चित्र हॉलमध्येच आहे. जाळायची हिंमत नाही, कोणाला द्यायचीही नाही. आमच्या माघारी कोणी रेघ पुरी केली तर? म्हणून आमच्यापैकी एक जण घरात असतोच. परवा भावाच्या मुलाच्या लग्नाला घाटंजीला एकटीच गेले. वहिनीनं विचारलं, "भाऊजी काहून नाही आले?"

"त्यांना घर सोडवत नाही," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले, आणि जेवण होताच परतीची बस धरली.