गोरेगावच्या सरांचा कप्पा

तुमचे बाबा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला लागले, त्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या संस्थेच्या तीन शाळा होत्या: हिंगोलीची, जिथं मी मुख्याध्यापिका होते, एक आमच्याच भागातल्या गोरेगावला आणि एक जवळा बाजारला. वार्षिक परीक्षेचा पेपर एका शाळेनं दुसऱ्या शाळेसाठी काढायचा, अशी आमची पद्धत होती. पेपर पाकिटात घालून जीपनं हिंगोलीला यायचा आणि इथं छापला जायचा. एका वर्षी जवळ्याच्या मुलांना गणिताचा पेपर आधीच कळला. काढला होता गोरेगावच्या मुख्याध्यापकांनी. पाकीट वाटेत कुणी उघडलं ते समजलं नाही, पण संशय सरांवर आला. पुन्हा असं झालं तर पद सोडीन, असं ते भर बैठकीत बोलून बसले.

मी म्हटलं, पेपर जीपनं नकोच, कॉम्प्युटरनं येऊ दे. तुमचे बाबा पुण्याहून फोनवर सांगायचे, मी टाईप करायची. मध्येच वीज जायची की पुन्हा फोन. अखेर ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा सर्व्हर झाला, म्हणजे तिन्ही शाळांना फोनच्या तारेवरून वापरता येईल असं एक कपाटच. प्रत्येक शाळेला एक कप्पा. गावाचं नाव आणि पासवर्ड घालून फक्त आपल्या कप्प्यात जायचं, दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावता येणार नाही.

शिकवायला दोन्ही मुख्याध्यापकांना बोलावलं. पासवर्ड ज्यानं त्यानं आपापला ठरवला, अगदी पडदा झाकून. जवळ्याचे सर थट्टेखोर. त्यांनी गंमत म्हणून गोरेगावचं नाव घातलं, पुढं पासवर्ड आपलाच, आणि कप्पा उघडला.

"सर, तुमचं दार तं सताड उघडं हाय!"

गोरेगावचे सर ताडकन उठले. "काहून? काय टाकलं तुमी?"

"नागनाथ. औंढ्याचा देव, दुसरं काय टाकणार?"

"आवो, मी बी तोच टाकला!"

मला हसू आवरेना. सरांचा चेहरा मात्र उतरला. "बाई, असंच राहिलं तं पुन्हा माझंच नाव निघंल."

मी नियम केला: देव, गाव, बायको, लेकरू, काहीही चालणार नाही. शिवाय मध्ये दोन आकडे हवेतच. गोरेगावचे सर बराच वेळ छताकडे बघत बसले, मग नवा पासवर्ड टाईप केला. आता तो ओळखायची पाळी जवळ्याच्या सरांची. त्यांनी मध्ये आकडे घालून घालून सरांच्या शेताचं नाव टाकलं, बैलांची टाकली, मेव्हण्याचंही टाकलं. कप्पा उघडेना.

"चालू द्या," गोरेगावचे सर खुर्चीत रेलून म्हणाले. "मी चहा सांगतो. घाई न्हाई."

त्या वर्षी जवळ्याचा गणिताचा पेपर काढायचं काम त्यांनी मागूनच घेतलं. परीक्षेनंतर तिथले पालक माझ्याकडे तक्रार घेऊन आले, पेपर फारच अवघड होता म्हणे. मी ती तक्रार गोरेगावच्या सरांना फोनवर वाचून दाखवली. पलीकडून इतकं खळखळून हसू आलं की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.