नारंगी थेंब आणि मोरचुदाची पोटली

२०२३ साल, मी बहात्तर वर्षांचा. शाळा चौथीत सुटली, पण शेतातलं मला कुणी शिकवावं अशी पाळी तोवर आली नव्हती.

त्या उन्हाळ्यात सणसरच्या आमच्या शेततळ्यात शेवाळ माजलं. ठिबकच्या नळ्या तुंबायच्या, डाळिंबं तहानलेली राहायची. मोरचुदाचे निळे खडे फडक्यात बांधून पोटली पाण्यात सोडायची, हा माझा जुना उपाय. पोटली बांधली आणि घरात सांगून टाकलं, "उद्या सकाळी सोडतो." मी एकदा बोललो की बदलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

सून इंदापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. तळ्यात तिनं हौसेनं माशांची पिल्लं सोडलेली.

"आबा, मोरचुदानं मासं मरतील. आन् शेवाळ खाणारं तळ्यातच हाय की. डोळ्याला दिसत न्हाय एवढंच."

"दिसत न्हाय ते माझं तळं साफ करणार व्हय? दाखव, मग बघू."

संध्याकाळी ती शाळेतलं सूक्ष्मदर्शक स्कूटीवरून घेऊन आली. शेवाळाचा धागा काचेवर ठेवला. मी एक डोळा मिटून बसलो. धागा म्हणजे हिरव्या कांड्यांची रांग, उसासारखी. एका कांडीला नारंगी थेंब चिकटलेला.

"ह्यो तर गंज हाय."

"बघत ऱ्हावा. डाळिंब पिकूस्तवर थांबताच की."

चहा निवला तरी मी उठलो नाही. मग कांडीला भोक पडलं आणि आतलं हिरवं त्या थेंबात ओढलं गेलं. रात्रीचा पतंग डाळिंबाला सोंड खुपसून रस ओढतो, तसंच. मागं नुसतं रिकामं टरफल. थेंब सरकला आणि शेजारच्या कांडीला भिडला. ना तोंड, ना पोट. सून म्हणाली, अख्खा जीव एकाच पेशीचा.

"पटलं का आबा?"

"खातंय खरं. पण ह्या चालीनं तळं उरकायला माझी पणतवंडं म्हातारी व्हतील."

"ते बी खरंच," ती हसली. "मग ऱ्हायलेलं हातानं काढायचं."



दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच तळ्यावर गेलो. दाताळ्यानं तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटतो, म्हणून बांबूला जुनी मच्छरदाणी बांधली आणि काठाकाठानं शेवाळ ओढून काढलं. एक कोपरा तेवढा त्या नारंगी थेंबांना ठेवला. मग बोलल्याप्रमाणं पोटली सोडली, पण पाण्यात नाही; गाठ सोडून मोरचूद चुन्यात कालवला आणि बुरशीचं औषध म्हणून डाळिंबावर फवारला.