काकांचं तिसरं बटण

उभ्या रत्नागिरीत घाबरण्याच्या बाबतीत माझ्या भावाच्या सासऱ्यांचा हात धरील असा माणूस अजून जन्माला यायचाय. इथे लोक घरातून समुद्र दिसावा म्हणून जिवाचं रान करतात. आमच्या या काकांनी मात्र कुठल्याच खिडकीतून समुद्र दिसणार नाही असा फ्लॅट हुडकून काढला. समुद्राला लागून जाणाऱ्या आरे-वारेच्या रस्त्याने जाताना ते गाडीत डोळे मिटून बसतात आणि "संपलं का हो?" असं विचारत राहतात. नोकरी सगळी अलोऱ्याला, वीजघरातल्या पॅनेलसमोर गेली. तिथे कुठलंही बटण दाबण्याआधी शेजारच्याला मोठ्याने "दाबू?" विचारायचं आणि तो "दाबा" म्हणेपर्यंत बोट टेकवायचं नाही, ही जी सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. मिक्सरपाशी, लिफ्टमध्ये, एटीएमसमोर, जवळ जो असेल त्याला ते विचारतात. एकदा एटीएमच्या रांगेतला एक अनोळखी गृहस्थ "कशाला?" म्हणाला, तर काका पैसे न काढताच घरी आले.

अशा माणसाचा मुलगा बोटीवर नोकरीला लागला. देवालाही कधी कधी थट्टा सुचते, दुसरं काय! काकांचा हात टाइप करताना थरथरतो म्हणून जाण्याआधी त्याने त्यांना नऊ बटणांचा एक छोटा कीपॅड आणून दिला. कॉम्प्युटरला जोडायचा आणि एकेका बटणाला एकेक काम शिकवून ठेवायचं. पहिलं दाबलं की नकाशा उघडून त्यावर बोटीचा हिरवा ठिपका दिसे. दुसऱ्याने वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज. तिसऱ्याने व्हॉट्सॲपवर मुलाला "जेवलास का?" असा निरोप जाई. उरलेल्या सहा बटणांवर काकांनी चिकटपट्टी लावून टाकली. "मोकळं बटण म्हणजे उघडी वायर हो," ते म्हणाले.

तिसऱ्या बटणाची शिकवणी मी घेतली होती. काम एकदा हाताने करून दाखवायचं, कीपॅड ते लक्षात ठेवतो. पण मी बावळट, तो थांबणंही लक्षात ठेवतो हे विसरलो. काकांनी "जेवलास" लिहिलं, थांबले, देवाच्या तसबिरीकडे पाहिलं, खोडलं, चष्मा पुसला, परत लिहिलं आणि स्वयंपाकघरातल्या काकूंना "दाबू?" विचारलं. काकूंची फोडणी चालली होती. ती होऊन "दाबा मेलं एकदाचं!" असं उत्तर येईपर्यंत काका बोट वर धरून बसले. तेव्हापासून बटण दाबलं की कॉम्प्युटर लिही, थांबे, खोडी, परत लिही आणि त्या जुन्या फोडणीसाठी ताटकळत बसे. दीड मिनिट जाई. आम्ही पोट धरधरून हसायचो. मी ते थांबणं काढतो म्हटलं, तर काका म्हणाले, "नको हो. तेवढ्यात माझं देवाचं नाव घेऊन होतं."

पावसाळा सरता सरता एके दिवशी नकाशावरचा ठिपका नाहीसा झाला. बोटीच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून फोनवर सांगितलं, चाच्यांना सुगावा लागू नये म्हणून त्या भागात बोटी मुद्दामच ठावठिकाणा, इंटरनेट सगळं बंद ठेवतात, काळजीचं कारण नाही. ते ऐकल्यावर तर काका खुर्ची सोडेनात. पहिलं बटण, तिसरं बटण, पुन्हा पहिलं. गेलेल्या निरोपांपुढे एकेकच टिक. काकू ताट झाकून ठेवत आणि काका म्हणत, "तो जेवला की मी जेवीन." मी रोज ऑफिस सुटलं की तिथे जाऊन बसायचो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, काका "दाबू?" विचारायचे थांबले होते, नुसते दाबत होते. मला तेव्हा खरी भीती वाटली. काहीतरी केल्याशिवाय बसवेना, म्हणून ते जरा आत जाऊन पडले तेवढ्यात मी तिसऱ्या बटणातलं सगळं थांबणं काढून टाकलं. निरोप तरी झटकन जावा, एवढाच विचार होता.

पाचव्या दिवशी सकाळी ठिपका आला, कुठल्या कुठे पुढे गेलेला. काकांनी तिसरं बटण दाबलं. निरोप क्षणात गेला, दोन टिका आल्या, निळ्या झाल्या आणि फोन वाजला. मुलगा ओरडत होता, "कोण आहे तिकडे? बाबा कुठे आहेत?"

"अरे मीच रे! मला काय धाड भरलीय? तुझं सांग."

त्याचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "बाबा, तुमचा मेसेज कधी असा येतो का? आधी 'टायपिंग' दिसतं, थांबतं, परत दिसतं. मी रोज ते बघत बसतो. आज काहीच दिसलं नाही. वाटलं, तुमच्या जागी दुसरंच कोणीतरी बसलंय."

चार दिवस आम्ही त्याच्यासाठी भीत होतो, आणि मी एका फटक्यात ती भीती त्याला पाठवून दिली होती. मी कबुली दिली. काका आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "मेल्या, मला विचारलंस का, 'दाबू?' म्हणून!"

काढलेलं थांबणं परत आणता येईना. नव्याने शिकवायला बसलो, तर काकांनी पाच सेकंदांत सगळं लिहून पाठवलं. तीनदा तेच झालं. "आत्ताच बोललाय तो," काका भाताचा घास घेत म्हणाले, "थांबू कशासाठी?" शेवटी त्या बटणावरही चिकटपट्टी लागली.

ती निघाली मुलगा रजेवर येऊन, आईच्या हातची सुरमई खाऊन परत गेला त्या दिवशी. स्टेशनवरून काका चपला न काढताच कॉम्प्युटरपुढे बसले. "कर सुरू," म्हणाले. "जेवलास" लिहिलं. थांबले. दाराशी मुलाच्या चपलांची जागा रिकामी होती, तिकडे पाहिलं. खोडलं. परत लिहिलं. मग बोट वर धरून माझ्याकडे वळले.

"दाबू?"

मीही दाराशी त्या रिकाम्या जागेकडे पाहत बसलो. काका बोट वर धरून बसून राहिले. बऱ्याच वेळाने मी "दाबा" म्हणालो.

आता तिसऱ्या बटणाला दोन मिनिटं लागतात. वरचं अर्धं मिनिट माझं आहे.