एकशे पंचेचाळीसची रेघ

रुग्णालयाच्या धुलाईघरात बावीस वर्षं बॉयलर सांभाळणाऱ्या या गृहस्थांना सगळे काटेवाले म्हणत. त्यांची नजर माणसाच्या तोंडावर कमी आणि वाफेच्या काट्यावर जास्त. काचेवर लाल रेघ. काटा तिला शिवायच्या आत हे झडप सैल करणार. घरी भांडतानासुद्धा मध्येच गप्प होत. बायको म्हणायची, "काटा आला वाटतं रेघेवर."

पंचेचाळिशीत त्यांना ट्रायथलॉनचं खूळ लागलं. आधी तळ्यात पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर पळायचं. सगळं दोन तासांत, नाहीतर फाटक बंद. बायकोची एकच अट: डॉक्टरला विचारायचं आणि तो सांगेल ते पाळायचं. डॉक्टरने त्यांना दवाखान्यातल्या जागच्या सायकलवर बसवलं आणि पायडल मारता मारता बोलायला लावलं. मिनिटाला एकशे पंचेचाळीस ठोके झाले तेव्हा वाक्य तुटायला लागलं.

"याच्या वर नेऊ नका," डॉक्टर म्हणाला.

काटेवाल्यांनी मनगटावरच्या घड्याळात तोच आकडा भरला. ठोके वर गेले की ते ओरडणार.

मग दोन वर्षं एकच तऱ्हा. सायकलवर घड्याळ मुकं. पळायला लागले की शंभर पावलांत टीं टीं टीं. हे लगेच चालायला लागत. घड्याळ गप्प झालं की पुन्हा पळत, पुन्हा टीं टीं. आजीबाई पुढे गेल्या, एक लंगडणारा कारकून पुढे गेला. दोन्ही वर्षी हे पोचले तेव्हा फाटकवाला खुर्च्या गोळा करत होता.

"दाजी," बायकोचा भाऊ म्हणाला, "तुम्ही शर्यतीला जाता की भाजी आणायला?"

"रेघ म्हणजे रेघ."

तिसऱ्या वर्षी बायकोने सांगून टाकलं, "यंदा शेवटचं. नाही जमलं तर सायकल माझ्या भावाला द्यायची." भावाने त्याच दिवशी सीट आपल्या मापाने वर करून पाहिली.

शर्यतीआधी तपासणीला नवराबायको दवाखान्यात गेली. जागची सायकल दुरुस्तीला गेली होती, म्हणून डॉक्टरने पळायच्या पट्ट्यावर चढवलं आणि बोलायला सांगितलं. काटेवाले बॉयलरच्या नळ्या कशा साफ करतात ते सांगू लागले. एकशे पंचेचाळीस झाले, तरी नळ्या चालूच. एकशे पंचावन्नला कुठे वाक्य अडखळलं.

"पळताना हाच आकडा धरा," डॉक्टर म्हणाला.

"तुमचा काटा चुकतोय," काटेवाले उतरत म्हणाले. "बदलून घ्या."

"काटा बरोबर आहे. तितक्याच दमाला पळताना बहुतेकांचे ठोके थोडे जास्त पडतात."

"छाती तीच. रेघा दोन कशा?"

बायकोच बोलली, "अहो, सायकलवर बूड टेकलेलं असतं. पळताना अख्खं धूड तुमचं तुम्हालाच वाहायचं. आणि तुमच्या त्या जुन्या नि नव्या बॉयलरला एकच रेघ आहे का?"

जुन्याची सातावर होती, नव्याची दहावर. दोन्ही रेघा यांनीच रंगवलेल्या. काटेवाले घरी पोचल्यावर म्हणाले, "दोन वर्षं मी जुन्या बॉयलरच्या रेघेवर नवा चालवला." आणि पळण्यासाठी घड्याळात दुसरा आकडा भरला.

शर्यतीच्या दिवशी तळं झालं, सायकल झाली, पळणं सुरू झालं. घड्याळात एकशे बावन्न, त्रेपन्न, आणि आवाज नाही. लंगडणारा कारकून मागे पडला. पण तळ्यात गॉगल निसटून चार मिनिटं गेली होती. फाटक दोनशे पावलांवर दिसलं तेव्हा फाटकावरच्या घड्याळात एक मिनिट शिल्लक होतं आणि मनगटावर एकशे चोपन्न. याच चालीने फाटक मिळत नव्हतं.

बायको कडेला उभी होती. काटेवाले तिच्यापाशी आले, पण थांबले नाहीत.

"वर... न्यावं लागेल," ते म्हणाले.

ती चपलांनिशी शेजारून पळू लागली. "किती?"

"दहा."

"किती वेळ?"

"मिनिटभर."

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ लाल होते, घाम येत होता, पाय सरळ पडत होते.

"न्या. मी आहे."

घड्याळ जे ओरडायला लागलं ते थांबेना. लोक वळून बघू लागले. बायकोची एक चप्पल मागे राहिली. अकरा सेकंद उरले असताना काटेवाले फाटकातून आत आले आणि तिथेच बसले, बरोबर मधोमध.

"ताई, यांना बाजूला घ्या," फाटकवाला म्हणाला. "फाटक लावायचंय."

तिने त्यांचं मनगट धरलं होतं, नजर घड्याळावर.

"थांबा जरा," ती म्हणाली. "काटा उतरतोय."