मशीनचा श्वास

संयोगिता उंब्रजच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. घरातली देवपूजा सासूबाईंची, म्हणजे साळूबाईंची. सुनेनं देवापुढं हात जोडावेत असा हट्ट त्यांनी कधी धरला नाही. दोघींचं बरं चाललं होतं.

तिचा नवरा शिवतेज सैन्यातून निवृत्त होऊन शेती बघत होता. हळद घेऊन सांगलीला गेला आणि तिथंच त्याची मोटरसायकल ट्रकखाली आली. दोघी दवाखान्यात पोचल्या तेव्हा तो झोपल्यासारखा दिसत होता. छाती वरखाली होत होती.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी संयोगिताला आत बोलावलं. मेंदू मेलाय, दोनदा तपासून खात्री केलीय म्हणाले. मग अवयवदानाचं विचारलं. तिला सगळं समजलं. रडू आलं नाही. समोरचा चहा तिनं पिऊन टाकला.

साळूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. हातात पालीच्या खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "ते आता न्हाईत."

"आगं, छाती हालतीया की."

"ती मशीन हालवतीया."

"अंग ऊन हाय. आत्ताच हात लावून आले."

"काळीज अजून चालू हाय म्हणून. मशीन काढली की तेबी थांबंल."

साळूबाईंनी तिच्याकडं बघितलं. "तुजं शास्त्र कवा चुकत न्हाई?"

वर्गात ती मुलांना सांगायची, विज्ञान चुकतं, म्हणूनच पुन्हापुन्हा तपासायचं. "चुकतं," ती म्हणाली. "पर ह्यात न्हाई."

मग संयोगितानं अवयवांचं सांगितलं.

"त्याचं काळीज दुसऱ्याला बसवलं तर चालू ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल."

"मग द्या."

ऑपरेशनला आत नेण्याआधी साळूबाईंना लेकाच्या कपाळाला भंडारा लावायचा होता. नर्स नको म्हणत होती. "लावू द्या," संयोगिता म्हणाली. पिवळं बोट कपाळावर टेकलं तेव्हा ती खाली फरशीकडं बघत होती.

किडन्या गेल्या, यकृत गेलं. हृदय मात्र घेता आलं नाही, असं डॉक्टरांनी नंतर तिला एकटीला सांगितलं. साळूबाई शववाहिनीजवळ उभ्या होत्या.

"दिलं न्हवं काळीज?"

"व्हय, आत्या."

महिन्याभरानं संयोगिता शाळेत जाऊ लागली. रक्ताभिसरणाचा धडा आला, फळ्यावर आकृती काढून तिनं तो नीट शिकवला. साळूबाईंनी पालीला जाणं सोडलं. देवघरातली फुलं वाळून गेली, ती कुणी काढली नाहीत. पूर्वी जे देवाला विचारायच्या, ते आता सुनेला विचारतात. भाकरी थापताना, कधी अंगणात वाळवण राखताना.

"चालू असंल न्हवं गं?"

"व्हय, चालू हाय," ती म्हणते, आणि हातातलं काम करत राहते.