काकांचं काम मी चहा निवायच्या आत संपवलं

मंडळी, सकाळपासून एक गोष्ट मनाला खातेय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या प्लेनोच्या मराठी मंडळाचा आरतीचा कागद वसंतकाका टाईप करतात. रिटायर्ड इंजिनिअर आहेत, काकू गेल्यापासून एकटेच राहतात. डावीकडे मराठी ओळ आणि समोर तीच ओळ इंग्रजी अक्षरांत, म्हणजे इथे जन्मलेल्या मुलांनाही म्हणता येते. या ओळी काका स्पेसबार दाबून दाबून जुळवतात. मग माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडली की फॉन्ट बदलतो आणि उजवी बाजू पार नागमोडी होते.

आज सकाळी त्यांच्याकडे गेले होते. म्हटलं, "काका, सरका, मी दाखवते." कंट्रोल-एच दाबून, म्हणजे 'शोधा आणि बदला' वापरून, दोन बाजूंच्या मधल्या सगळ्या स्पेस काढल्या, प्रत्येक ओळीत त्यांच्या जागी एकेक टॅब टाकला. कंट्रोल-ए करून सगळं सिलेक्ट केलं आणि वरच्या रूलरच्या पट्टीवर टॅबची जागा ठरवून दिली. झालं! सगळ्या ओळी एका रेषेत. चहासुद्धा निवला नव्हता. मी जाम खूश.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. "छान झालं गं," म्हणाले. मग अगदी हळू, "हे काम मला गणपतीपर्यंत पुरलं असतं."

परत येताना हायवेवर घराकडे वळायची माझी एक्झिट चुकली.

यार, मी मदत करायला गेले होते. उद्या पुन्हा जाणार आहे त्यांच्याकडे. सांगा ना, कोणतं काम घेऊन जाऊ?