शेजारच्या काकूंची सफाई

शेजारच्या काकू पुण्याहून इकडे परदेशात, सँडरिंगहॅमला लेकाकडे आल्या, तेव्हापासूनच मला त्यांचा संशय होता. बोलताना तोंडावर पदर आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, "आपल्याला काय करायचंय!" घरातला एक कप विसळायच्या नाहीत, पण लेकाचं ते तंबाखू गरम करून ओढायचं यंत्र मात्र रोज स्वतः साफ करायच्या. घरामागच्या लाकडी डेकवर बसून, बारीक ब्रशने, आत चिकटलेला तपकिरी थर खरवडून. देवाची समईसुद्धा कुणी इतकी घासत नाही.

"आईला क्लीनिंगचं वेडच आहे," लेक कौतुकाने म्हणायचा.

मला पटेना. वेड असतं तर ती खरवड कचऱ्यात गेली असती. काकू ती कागदावर जपून गोळा करायच्या.

एकदा कुंपणावरून कढीपत्ता द्यायला वाकले, तर काकूंचं बोट त्या कागदात, आणि मग थेट दातांवर! तंबाखू भाजून केलेली मिश्री इथल्या एकाही इंडियन दुकानात मिळत नाही, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं.

मला बघून त्यांनी घाईघाईने तोंड पुसलं.

"त्याला सांगू नका हं," त्या म्हणाल्या. "तंबाखू सोड म्हणून मीच रोज त्याच्या मागे लागलेय."